हिरडीखालची राख

१

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या एका कारखान्यात हात धुवायची बेसिनं तपासायचे. भट्टीतून निघालेलं पांढरं बेसिन दिव्याखाली धरायचं, सावकाश फिरवायचं आणि झिलई कुठे कमी पडली आहे का ते बघायचं. झिलई जिथे संपते तिथे खालची माती दिसते, पिवळसर आणि खरबरीत. सकाळभर तेच बघून माझ्या डोळ्यांना ती कड चटकन सापडायची.

म्हणूनच १९६४ साली, वसंतातला पेसाहचा सण उरकल्यावर, एका सकाळी दात घासताना मला आरशात जे दिसलं ते दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझा वरचा सुळा लांब झाला होता. मी बोटाने ओठ वर केला आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड नेलं. दाताचा पांढरा भाग होता तेवढाच होता. त्याच्या वर, हिरडी सुरू व्हायच्या आधी, एक पिवळसर पट्टी उघडी पडली होती. शेजारच्या दातालाही तशीच. त्याच्या पलीकडच्यालाही.

आईला मी सांगितलं नाही. दातांचा विषय निघाला की आई आपली कवळी हातात काढून दाखवायची आणि परत बसवून मगच बोलायची. मुंबईला उमरखाडीत असताना, तिशीच्या आत, तिने सगळे दात काढून घेतले होते. तिच्या थोरल्या बहिणीनेही. कोकणातल्या अष्टमी गावी तिची आई भाकरी पाण्यात भिजवून गिळायची. आमच्याकडच्या बायकांचे दात टिकत नाहीत, असं आई म्हणायची; जसं कुणी म्हणावं की आमच्याकडच्या बायका उंच होत नाहीत. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मला दिसत होतं. मला माझे दात हवे होते. सगळे.

२

दवाखान्यातले दातांचे डॉक्टर बारूख बल्गेरियातून आलेले होते. उंच, वाकलेले, हिब्रू सावकाश बोलणारे. त्यांनी बारीक आकड्याने एकेका दाताशी हिरडी किती सुटली आहे ते पाहिलं आणि खुर्ची मागे घेऊन मला सरळ सांगितलं, की गेलेली हिरडी परत येत नाही. पण आहे तिथे थांबवता येते, आणि ते काम माझं आहे, त्यांचं नाही.

मग त्यांनी प्लास्टरचा एक जबडा काढला आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. लाकूड घासल्यासारखं आडवं घासायचं नाही. केस हिरडीवर टेकवायचे आणि हिरडीकडून दाताकडे हळू फिरवायचे. ब्रश मऊ हवा. सकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा, त्याहून जास्त नको. फटींतून मेणाचा दोरा. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा. मी सगळं त्यांच्यापुढे करून दाखवलं. त्यांनी दोनदा माझा हात धरून सुधारला.

उठताना त्यांनी विचारलं, लग्न ठरलंय का? ठरलंय म्हटल्यावर ते म्हणाले की पुष्कळ मुली लग्नाआधी सगळे दात काढून घेतात. घरचेच घेऊन येतात. एकदाच काय तो त्रास, म्हणतात. "तुला कुणी आणलं तर," ते म्हणाले, "तू खुर्चीत बसू नकोस."

लग्न सायमनशी ठरलं होतं. तो मृत समुद्राकडच्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा. ठरलं होतं आणि अडलंही होतं. त्या काळात कोकण-मुंबईहून आलेल्या आम्हा बेने इस्राएल लोकांपैकी कुणी लग्नाची नोंद करायला गेलं की रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आईची, आईच्या आईची, तिच्याही आईची माहिती मागायचे, आम्ही खरे ज्यू आहोत की नाही म्हणून. माझे पप्पा, नेहेमिया अष्टमकर, एरवी कुणाला उलटून न बोलणारे, पण यावर खवळले होते. आपली माणसं यरुशलेमला धरणं धरणार होती आणि पप्पा जाणार होते.

सायमनला मी हिरड्यांचं सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मला तू बिनदाताचीही चालशील. त्याने ते प्रेमानेच म्हटलं. पण मला राग आला. बिनदाताची चालवून घेणारा नवरा मला नको होता. दात टिकव म्हणणारा हवा होता. तसं मी त्याला सांगितलं. पुढच्या खेपेला येताना तो मऊ केसांचा ब्रश घेऊन आला.

३

बेर्शेबात उन्हाळ्यात दुपारी सगळं गाव झोपायचं. माझी पाळी पहाटेची असायची. दुपारी घरी यायचं, जेवायचं, खिडक्यांच्या पट्ट्या खाली ओढायच्या आणि चारपर्यंत आडवं व्हायचं. आमच्या शिकूनमधल्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, त्या घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. पट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा फरशीवर पडायच्या, आणि पाण्याच्या नळीत कुठेतरी टकटक व्हायची. बाकी शांतता.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझी शिस्त पक्की झाली होती. सकाळी वापरलेला ब्रश मी खिडकीत उन्हाला उभा करायचे. तिथलं ऊन असं, की धुतलेलं फडकं घटकेत कडक व्हायचं.

एका दुपारी झोपेतून उठून तोंड धुवायला गेले तर ब्रश ओला होता.

मला वाटलं पप्पांनी चुकून घेतला. पण पप्पा कामावर होते. आईला दातच नव्हते. दुपारी ती कवळी पेल्यात ठेवून दुसऱ्या खोलीत झोपलेली असायची. मी ब्रश झटकला, परत उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झाले तेव्हा ब्रश बघायच्या आधीच कळलं. माझं तोंड गार होतं. जिभेवर पेस्टचा पुदिना होता, ताजा, आताच चूळ भरल्यासारखा. आणि पुदिन्याच्या मागे रक्ताची किंचित खारट चव.

मी अंथरुणात पडूनच जीभ दातांवरून फिरवली. गुळगुळीत होते. इतके स्वच्छ मी स्वतः कधी घासले नव्हते.

४

मी विचार करणारी मुलगी होते. शाळा हिब्रूत शिकलेली, भूतखेत न मानणारी. दोन शक्यता होत्या. एक, दातांची काळजी माझ्या डोक्यात इतकी बसली होती की मी झोपेत उठून घासत होते. दोन, घरातलं कुणीतरी माझी चेष्टा करत होतं. आमच्या घरात चेष्टा करणारं कुणी नव्हतं, म्हणून पहिलीच खरी धरली. थोडं बरंही वाटलं. झोपेत चालणारी माणसं मी ऐकून होते.

त्या दुपारी मी जुन्या ओढणीने उजवा हात खाटेच्या दांडीला बांधला. गाठ अशी घातली की डाव्या हाताने सुटू नये. झोप लागणार नाही वाटलं होतं, पण लागली. पहाटेची पाळी करणाऱ्या माणसाला झोप लागतेच.

न्हाणीघरातल्या आवाजाने जाग आली. घासण्याचा आवाज. घाई नसलेला, एकसारखा, भांडी घासणाऱ्या बाईच्या हातासारखा सरावाचा. डोळे उघडेपर्यंत तो थांबला आणि नळ बंद झाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी तिथे आहे. मी न्हाणीघरात आहे आणि आता परत येऊन झोपेन. मग मनगटाला ओढणी रुतली. गाठ होती तशीच होती.

डाव्या हाताने आणि दातांनी ती सोडवायला बराच वेळ गेला. न्हाणीघरात कुणी नव्हतं. ब्रश माझ्या पेल्यात होता, केस बाहेरच्या बाजूला वळलेले, पाणी टपकत. आई आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी तिच्या पायांना हात लावून पाहिला. कोरडे होते.

आरशात बघितलं. सुळ्यावरची पिवळी पट्टी आणखी रुंद झाली होती. हिरडीची कड लाल आणि ताणलेली दिसत होती, वर लोटल्यासारखी.

मी घाबरले हे खरं. पण त्याहून जास्त मला चीड आली. मी इतक्या सांभाळून, इतक्या हलक्या हाताने जे करत होते, ते कुणीतरी दुपारी येऊन मोडत होतं.

५

दुसऱ्या दिवशी ब्रश आणि पेस्ट मी कारखान्यात नेली आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवली. सकाळी तिथेच घासायचं, झोपायच्या आधी घरी मिठाच्या चुळांवर भागवायचं. दुपारी निवांत झोपले. घासायला वस्तूच नाही म्हटल्यावर काय होणार?

जाग आली तेव्हा पुदिना नव्हता. तोंड कोरडं आणि कडवट होतं, आणि दातांवर दात ठेवले की कचकच वाजत होतं. हमसीनची, वाळवंटातल्या उष्ण वाऱ्याची, धूळ असेल म्हणून मी थुंकले. थुंकी करडी होती. चव ओळखीची होती आणि आठवत नव्हती. मग आठवली. लहानपणी मुंबईत शेजारच्या बाई चुलीतली राख आणि मीठ कुटून राखुंडी करायच्या, बोटावर घ्यायच्या, आणि बोटाने दात घासायच्या. एकदा मीही लावून बघितली होती.

बेर्शेबात आमच्याकडे चूल नव्हती. गॅस होता. सबंध शिकूनमध्ये राख नव्हती.

ब्रश नेला, तर आता बोट आलं होतं.

मी डॉक्टर बारूखांकडे गेले. त्यांनी तोंडात आरसा घालून एकेक हिरडी तपासली. मग आकड्याने हिरडीखालून काहीतरी खरवडलं आणि पांढऱ्या कापडावर मला दाखवलं. काळपट करडा लगदा होता. कुठली पूड वापरतेस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठलीच नाही. त्यांनी कापड माझ्यासमोर धरलं आणि परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. ते नाराज झाले. दिवसभर बसून कुणीतरी घासत असावं अशा या हिरड्या आहेत, ते म्हणाले, आणि उलट्या बाजूने, दाताकडून वर हिरडीकडे, मी दाखवलं त्याच्या बरोबर विरुद्ध.

मी त्यांना दुपारचं सांगू शकले असते. पण काय सांगणार? पांढऱ्या कोटातल्या माणसासमोर, उजेडात, ते वाक्य तोंडातून निघेना.

"अशाने वर्षभरात दात हलायला लागतील," डॉक्टर म्हणाले. "मग मीच तुला सांगेन, काढून टाक."

६

पप्पा जुलैत यरुशलेमला गेले. सायमनही सुटीच्या दिवशी जाऊन बसायचा. घरात मी आणि आई उरलो.

आईने माझं तोंड कधी बघितलं मला माहीत नाही, पण तिला सगळं ठाऊक होतं. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने सांगितलं, की एका दाताच्या डॉक्टरशी तिचं बोलणं झालंय. डॉक्टर बारूख नव्हेत, दुसरा. पुढच्या आठवड्यात जायचं. एका बैठकीत वरचे, दुसऱ्या बैठकीत खालचे. लग्नापर्यंत कवळी बसेल, आणि फोटोत कशी सरळ पांढरी रांग येईल.

मी नाही म्हटलं.

आई रागावली नाही. तिने ताट बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"मलका गो," ती म्हणाली, "मला पण दुपारची झोप लागत नसे. काढून टाकले नि लागायला लागली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, दुपारची म्हणजे काय? कोण यायचं? तिने मान फिरवली. हे असं विचारायचं नसतं, एवढंच ती म्हणाली. तिच्या बहिणीनेही विचारलं नव्हतं. देऊन टाकायचं नि मोकळं व्हायचं. चार दिवस हिरड्या दुखतात, मग कोणी त्रास देत नाही. त्यांना जे पाहिजे ते मिळाल्यावर कशाला येतील?

ती 'त्यांना' म्हणाली. आदरार्थी की अनेकवचनी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी उठून उभी राहिले. मी आईला सांगितलं, की तिकडे यरुशलेमला पप्पा उन्हात बसलेत, कारण कुणीतरी म्हणालं तुमच्या आज्या-पणज्या दाखवा मग बघू. पप्पा नाही म्हणाले. मीही नाही म्हणते. पणजीने दिले, आजीने दिले, तू दिलेस. मी देणार नाही.

"देणार नाहीस तर घेतील," आई म्हणाली.

"घेऊ देत. मी जागी असेन."

आईने ताट परत मांडीवर ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. पण तिची बोटं एकाच जागी फिरत होती. खडा दिसत असून तिला तो उचलता येत नव्हता.

७

दुसऱ्या दुपारी मी पट्ट्या खाली ओढल्या आणि रोजच्यासारखी उताणी झोपले. दोन्ही हात पाठीखाली घेतले, म्हणजे नंतर मला स्वतःलाही म्हणता येऊ नये की ते माझेच हात होते. आई खाली जिन्यात शेजारणींबरोबर बसली होती. तिचा आवाज मधूनमधून वर येत होता. मी डोळे मिटले आणि श्वास लांब करत नेला, झोपलेल्या माणसासारखा.

खूप वेळ काही झालं नाही. नळीत टकटक झाली. खाली कुणीतरी हसलं. मला वाटायला लागलं की हा सगळा माझ्याच डोक्यातला खेळ आहे, आईने काहीतरी आपलं जुनं दुःख सांगितलं आणि मी त्याचं भलतंच केलं. मी डोळे उघडणार होते.

नळ सुटला. बारीक धार. बंद झाला.

मग फरशीवर ओली अनवाणी पावलं. जड नव्हती. स्वतःच्या घरात चालावं तशी. दाराशी थांबली आणि आत आली. उन्हाच्या रेघा माझ्या पापण्यांवर पडत होत्या, त्या एकेक करून विझल्या. खाटेची कड दबली. विझलेल्या चुलीचा थंड वास आला.

माझ्या वरच्या ओठाखाली एक बोट आलं आणि त्याने ओठ हळूच उचलला. सगळ्यात वाईट ते होतं, की त्या बोटात माया होती. आजारी मुलाला औषध पाजताना आईचा हात असतो तसा तो हात होता. दुसरं बोट दातावर टेकलं, राखेने खरखरीत, आणि वर सरकलं. दाताकडून हिरडीकडे. परत. परत. माझी हिरडी मागे लोटली जाते आहे हे मला कळत होतं, आणि ते दुखत नव्हतं. उलट झोप येत होती. असंच पडून राहावं, काय ते होऊ द्यावं, असं अंग जड होत गेलं. हे लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर मला ते बरं वाटलं.

मग बोट सुळ्याशी आलं, आणि मी सगळी ताकद लावून दात आवळले.

ते ओरडलं नाही. हात मागेही घेतला नाही. हट्टी मुलाने पदर धरला की मोठं माणूस जसं थांबतं तसं ते नुसतं थांबलं. माझ्या दातांत हाड लागलं. तोंड राखेने भरलं. मी डोळे उघडले.

मला चेहरा दिसला नाही. उजेड त्याच्या पाठीमागे होता. दिसलं ते तोंड, माझ्या तोंडावर वाकलेलं, आणि उघडं. दुसऱ्याला घास भरवताना आपलं तोंड आपोआप उघडतं ना, तसं उघडं. आत दात होते. पुष्कळ होते. बारीक, रुंद, पिवळे, तंबाखूने काळे झालेले, एकमेकांत न बसणारे. एका माणसाचे नव्हते.

माझा जबडा सैल पडला. मी सोडलं नाही. माझ्याच्याने धरवलं नाही. एवढा फरक मी आजही मनाशी धरून आहे.

बोट गेलं. खाटेची कड वर आली. फरशीवर उन्हाच्या रेघा परत दिसायला लागल्या, आणि खाली शेजारणींत आईचं बोलणं चालू होतं.

८

मी न्हाणीघरात गेले. दार उघडंच ठेवलं. आधी चूळ भरली, पाणी करडं निघालं, मग स्वच्छ निघालं. कोमट पाणी करून मीठ घातलं. ब्रश कारखान्यात होता, म्हणून स्वतःचंच बोट घेतलं आणि हिरडीवर ठेवलं आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं खाली आणलं, हिरडीकडून दाताकडे. एकेक दात पुरा केला, मागच्या दाढांसकट.

आई वर आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसले होते. ती खोलीत गेली, जरा वेळाने माझ्या उशीचा अभ्रा हातात घेऊन बाहेर आली. त्यावर राखेचे डाग होते. ती मोरीपाशी उभी राहिली आणि साबण लावून तो घासायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती.

मी सांगितलं, की मी चावले.

तिचे हात थांबले. नळ वाहत राहिला. मी तिला एवढंच सांगितलं होतं. काय पाहिलं त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"माझे होते का गो तिथे?" आईने विचारलं.

आईचे दात मी कधी पाहिलेच नव्हते. मला समजू लागायच्या आधीच ते गेले होते. मी म्हटलं, ओळखता आले नाहीत. तिने मान हलवली. अभ्रा पिळला, झटकला आणि गॅलरीत दोरीवर टाकला. परत आली तेव्हा तिने कवळी काढून पेल्यात ठेवली होती आणि बिनदाताच्या तोंडाने ती माझ्याशी बोलली, जे तिने कधी केलं नव्हतं, नवऱ्यासमोरही नाही.

ती म्हणाली, आपण त्या डॉक्टरकडे जायचं नाही. आणि मग म्हणाली, की तिलाही एकदा चावावंसं वाटलं होतं.

९

ऑगस्टच्या शेवटी पप्पा परत आले, उन्हाने काळे झालेले, आवाज बसलेला, आणि फार आनंदात. रब्बींनी माघार घेतली होती, आमच्या लग्नाची अडचण सुटली होती. शरदातल्या सुक्कोतच्या सणानंतर माझं लग्न झालं. फोटो काढणारा म्हणाला, नवरीने ओठ मिटून हसावं, ते सोज्वळ दिसतं. मी ओठ उघडून हसले. लांब दात, पिवळ्या पट्ट्या, सगळं त्या फोटोत आहे. डॉक्टर बारूखांनी लग्नाआधी तपासलं होतं. हिरडी जिथे होती तिथेच आहे, ते म्हणाले, केसभरही मागे गेलेली नाही. मी पूड लावायचं आणि खोटं बोलायचं सोडलं असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

त्या दुपारनंतर बेर्शेबाच्या घरी कुणी आलं नाही. मी रोज जागत राहिले, मग रोज झोपायला लागले. तरी कान उघडे असायचे.

सायमनला वाळवंटातल्या अराद गावात घर मिळालं. अख्खं गावच नवं होतं. रस्त्यांना डांबराचा वास, भिंतींना ओल्या चुन्याचा. आमच्याआधी त्या घरात कुणी राहिलं नव्हतं. कुणी झोपलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. आई सामान लावायला आली होती. दोन दिवस राहिली. जाताना बसमध्ये चढण्याआधी तिने माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि ओठ वर करून माझे दात बघितले, एकेक, बराच वेळ. मग गाल थोपटून ती बसमध्ये चढली.

सायमन कामावर होता. मी घरी आले. खिडक्यांना पट्ट्या अजून बसवल्या नव्हत्या. वाळवंटाचा सगळा उजेड खोलीत होता. मी गादी जमिनीवर पसरली आणि आडवी झाले. थकले होते. डोळा लागत होता.

न्हाणीघरात नळ सुटला. बारीक धार. बंद झाला.

मला उठून पळता आलं असतं. दार चार पावलांवर होतं, आणि बाहेर लख्ख दुपार. मी उठले नाही. मला आईचा तो प्रश्न, माझे होते का गो तिथे, आठवत होता, आणि त्याचं उत्तर मला अजून द्यायचं होतं.

ओली पावलं नव्या फरशीवरून येऊ लागली. मी उताणी झाले, डोळे सताड उघडे ठेवले, आणि तोंड उघडलं. हात या वेळी पाठीखाली घेतले नाहीत. ते मोकळे ठेवले, त्या तोंडात हात घालून जे जे दात हाताला लागतील ते उपटून आणायला.

मग खोलीतला उजेड कमी होऊ लागला.